स्कॉटलंडमधल्या पीटरहेडच्या बंदराजवळचं गेस्टहाऊस: पाचपैकी साडेचार

मी मूळचा रत्नागिरीचा. पूर्वी तेलाच्या रिगवर वेल्डिंग तपासायचो, आता समुद्रातल्या तरंगत्या पवनचक्क्यांवर. गेल्या नोव्हेंबरात अकरा रात्री इथे राहिलो.

खोली लहान, पण उबदार. तळमजल्यावर ओले बूट आणि जाकिटं वाळवायला वेगळी गरम खोली आहे. समुद्रावरून भिजून आल्यावर तिचं मोल कळतं. आमची बोट पहाटे पाचला सुटायची, म्हणून मालकीणबाई साडेचारलाच पॉरिज (ओटची लापशी) आणि अंडी तयार ठेवायच्या. मी बीफ खात नाही म्हटल्यावर दुसऱ्या दिवसापासून ताटलीत ताजा हॅडॉक मासा. रात्री धुरावलेल्या हॅडॉकचं दूध-बटाटा घातलेलं सूप, कलन स्किंक. मी त्यात घरचं लाल तिखट घातलं, बाईंनीही हौसेनं चाखलं.

इथून सुमारे 25 किलोमीटरवर हायविंड स्कॉटलंड आहे. 2017 साली सुरू झालेला हा जगातला पहिला व्यापारी तरंगता पवनऊर्जा प्रकल्प: 5 चक्क्या, 30 मेगावॅट. बाई सांगत होत्या, पूर्वी हिवाळ्यात खोल्या ओस पडायच्या. आता देखभालीची माणसं येतात, म्हणून गावातल्या दोघी वर्षभर कामावर आहेत आणि पाव कोपऱ्यावरच्या बेकरीतून येतो. हे ऐकून फार बरं वाटलं.

मोठं काम मात्र गावाला मिळालं नाही, याची मला खंत आहे. चक्क्या ज्यांवर तरंगतात ते पोलादी खांब स्पेनमध्ये फेने इथे बनले, जुळणी नॉर्वेत स्टूर्डला झाली. खांब पाण्याखाली 78 मीटर जातो. इतकं खोल आणि शांत पाणी नॉर्वेतल्या फ्योर्डमध्ये, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या समुद्राच्या खाडीत आहे, पीटरहेडच्या बंदरात नाही. 2024 मध्ये मोठ्या दुरुस्तीसाठी पाचही चक्क्या ओढून नॉर्वेलाच नेल्या. त्या उन्हाळ्यात इथल्या चार खोल्या रिकाम्या होत्या. अबर्डीनजवळच्या किंकार्डीन प्रकल्पाचे अर्धबुडीत पाये कमी खोल पाण्यातही तरंगतात, तरी त्यांच्यावर मोठ्या चक्क्या चढवल्या त्या रॉटरडॅमला. या किनाऱ्यावर भक्कम, रुंद धक्का आणि मोठी क्रेन आली, तर वेल्डर आणि क्रेनवाले महिनोन्‌महिने इथे मुक्कामाला असतील. त्यासाठी सरकारनं आताच पैसा घालावा, असं मला मनापासून वाटतं.

अर्धा गुण कापला तो गरम पाण्यासाठी. सकाळी तिघांच्या आंघोळीनंतर ते संपतं, तेव्हा रात्रीच उरका. खोली मागच्या बाजूची मागा. पुढच्या खोल्यांत मासळीबाजाराच्या ट्रकांचा आवाज पहाटेपासून येतो.