माथेरानचा निवांत मुक्काम: पाऊस, थंडी आणि उन्हाळा अनुभवल्यावर

नवरा-बायकोला दोघांनाच तीन-चार दिवस शांत राहायचं असेल तर मी माथेरानच सुचवेन. हे एका मुक्कामावरून लिहीत नाहीये. गेल्या जुलैपासून आम्ही एकाच रिसॉर्टवर धो-धो पावसात, थंडीत आणि एप्रिलच्या उन्हात राहून आलो. पहिल्या भेटीत सगळंच छान वाटतं, त्यामुळे तेव्हा लिहायचं मुद्दाम टाळलं होतं.

आम्ही डोंबिवलीचे. घरात सासूबाई, कॉलेजला जाणारी लेक आणि दिवसभर वाजणारी दाराची बेल. लग्नाला वीस वर्षं होऊन गेली की नवरा-बायकोचं बोलणं सिलिंडर, फी आणि दवाखाना यांच्यातच संपतं. त्यामुळे आम्हाला स्विमिंग पूल किंवा डिस्को नको होता. मध्ये कुणी येणार नाही असा एक व्हरांडा हवा होता.

तो मिळाला, पण शांततेचं श्रेय मी रिसॉर्टपेक्षा गावाला देईन. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० मध्ये इथे आले आणि तिथून माथेरानची वस्ती वाढली. समुद्रसपाटीपासून साधारण ८०० मीटर उंचीचं हे पठार मुंबईच्या इतकं जवळ असूनही आपली गाडी दस्तुरी नाक्यावर ठेवावीच लागते. पुढे खासगी वाहनांना बंदी. २००३ मध्ये हा भाग पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर झाला. हॉर्न नाही, इंजिनाची घरघर नाही, रात्री कुणाच्या गाडीचे दिवे खिडकीवर येत नाहीत. कानाला याची सवय व्हायला अर्धा दिवस लागतो. मग घोड्यांच्या टापा आणि पानांची सळसळसुद्धा ठळक ऐकू येते.

दस्तुरीला उतरल्यावर "लांब आहे, चालवणार नाही" असं सांगणारे भेटतील. बाजारपेठ अडीच-तीन किलोमीटरवर आहे. गुडघे बरे असतील तर सामान हमालाकडे द्या आणि दोघं चालत निघा. रुळांच्या कडेने, झाडांच्या सावलीतून जाणारी ही वाट म्हणजेच सहलीची खरी सुरुवात. ज्यांना चालणं जमत नाही त्यांच्यासाठी आता ई-रिक्षा आहेत, आणि त्या आल्या हे फार चांगलं झालं. माणसाने माणसाला ओढून न्यायच्या हातरिक्षा मला कधी बघवल्या नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये ही पद्धत सहा महिन्यांत बंद करायला सांगितलं, तेव्हा मला मनापासून बरं वाटलं.

आमचं रिसॉर्ट बाजारापासून पायी वीसेक मिनिटांवर, झाडीत आहे. जुन्या पारशी बंगल्याच्या धर्तीचं: कौलारू छप्पर, उंच छत, लांब व्हरांडा आणि त्यावर दोन आरामखुर्च्या. खिडक्यांना माकडांसाठी जाळी आहे आणि ती खरोखर लागते. खोली घेताना मागची ओळ मागून घ्या. पुढच्या खोल्या लॉनकडे तोंड करून आहेत आणि शनिवारी संध्याकाळी त्या लॉनवर माइक लावून हाऊसी चालते, नंतर गाणी. आम्ही थंडीत एकदा शनिवार धरून गेलो होतो, त्या रात्री साडेदहापर्यंत आकडे ऐकावे लागले. मॅनेजरला सांगितलं, त्याने आवाज थोडा कमी केला, एवढंच. एकांत विकणाऱ्या जागेने असं करू नये. सोमवार ते गुरुवार मात्र हीच जागा अगदी निवांत असते, आणि दरही शनिवारच्या जवळपास निम्मा.

गुलाबाच्या पाकळ्या, टॉवेलचे हंस आणि केक असलेलं 'कपल पॅकेज' घेऊ नका. त्या पैशांत एक दिवस जास्त राहा.

पावसाळ्याबद्दल खरं सांगायचं तर सगळ्यांना झेपेल असं नाही. जुलैत चादरी ओलसर, कपाटाला कुबट वास, धुतलेला रुमाल दोन दिवस वाळत नाही. धुकं इतकं की पॉइंटवर जाऊन पांढऱ्या भिंतीशिवाय काही दिसत नाही. तरीही माझ्या मते दोघांसाठी हाच ऋतू सर्वांत चांगला. एका संध्याकाळी वीज गेली. कौलांवर पावसाचा असा मारा होता की बोललेलं ऐकू येईना. वेटर मेणबत्ती आणि चहाचा थर्मास ठेवून गेला. एका घोंगडीत पाय घेऊन आम्ही तासभर नुसते बसून होतो. पाऊस ओसरल्यावर नवऱ्याने कंपनीतल्या कपातीच्या वेळी त्याला किती भीती वाटली होती ते सांगितलं. तीन वर्षांपूर्वीची गोष्ट, माझ्याच घरातली, आणि मला त्या संध्याकाळी पहिल्यांदा कळली. "तेव्हाच का नाही बोललास?" म्हटलं, तर म्हणाला, "घरात कुठे बोलणार?" याच दिवसांत पहाटे शीळकरी कस्तूर हा पक्षी गातो. माणसाने सहज शीळ घालत जावं तसा तो सूर असतो. तो ऐकायला आम्ही उजाडायच्या आत व्हरांड्यात येऊन बसायचो.

थंडीत गेलात तर नेरळहून मिनी ट्रेनने जा. १९०७ साली सुरू झालेला हा मार्ग २१ किलोमीटरचा. पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज (दस्तुरीजवळचं स्टेशन) भाग बंद असतो, तेव्हा फक्त अमन लॉज ते माथेरान शटल चालते. वेळ अडीच तासांच्या वर लागतो, टॅक्सीने दस्तुरीपर्यंत त्याच्या कितीतरी आधी पोचता येतं, पण घाई असणाऱ्याने माथेरानला यावंच कशाला? जुम्मापट्टी, वॉटर पाइप अशी स्टेशनं घेत गाडी वळणं चढत राहते. वाटेत एकच छोटासा बोगदा आहे, त्याला सगळे 'वन किस टनेल' म्हणतात. अंधार झाला आणि नवऱ्याने पटकन गालावर ओठ टेकवले. उजेडात आलो तर समोरच्या बाकावरच्या आजी माझ्याकडे बघून गोड हसत होत्या. मीही हसले. गाडीत जागा कमी असतात, सकाळी लवकर नेरळ गाठा.

एप्रिलमध्ये दुपारी ऊन लागतं, पण झाडीमुळे सावलीत बरं वाटतं. तेव्हा अंजनीच्या झाडांना फांदीभर निळी-जांभळी फुलं होती. शेकरूही दिसलं, तांबूस पाठ आणि झुबकेदार शेपूट, आमच्या डोक्यावरच्या फांदीवर पालथं लटकून काहीतरी खात होतं. सूर्यास्ताला पॉर्क्युपाइन पॉइंटवर गर्दी होते. आम्ही त्याऐवजी दुपार कलताना लुईझा पॉइंटला जायचो. समोर प्रबळगडाचा कडा, आणि मधल्या दिवशी तिथे दोन-चार माणसं भेटली तर भेटली.

जेवण साधं आणि गरम. पिठलं-भाकरी आणि ठेचा हवा असेल तर सकाळीच सांगून ठेवावं लागतं. रोजच्या थाळीतल्या भाज्या थोड्या गोडसर असतात, आम्हाला दोन दिवसांनी कंटाळा आला. गरम पाणी सकाळी ठरावीक वेळेतच येतं. पहिल्या भेटीला गादी चांगली होती, एप्रिलपर्यंत तिला मध्ये खळगा पडला होता. सांगितल्यावर अर्ध्या तासात बदलून मिळाली. तिथली मुलं खरंच मनापासून काम करतात. खोलीत मोबाइलला रेंज नाही, व्हरांड्याच्या एका टोकाला येते. सासूबाईंना रोज रात्री तिथूनच फोन करायचो आणि मग फोन बॅगेत.

रात्री वाटेवर दिवे तुरळक आहेत, टॉर्च हवीच. चाकांची बॅग लाल मातीत आणि दगडांवर ओढली जात नाही, पाठीवरची सॅक घ्या. मुख्य रस्त्यावर पेव्हर ब्लॉक बसलेत, तिथे पावसात जपून चाला. पुढच्या जुलैतल्या मंगळवारपासून मागच्या ओळीतली टोकाची खोली आम्ही सांगून ठेवली आहे, फक्त या वेळी चादरी घरच्या नेणार.