थिसिससाठी लाटेक: बरेच महिने वापरल्यावरचा अनुभव

विषय दख्खनच्या बेसाल्टमधलं भूजल, म्हणजे समीकरणं बऱ्यापैकी, नकाशे-आलेख भरपूर आणि संदर्भ तर विचारूच नका. म्हणून लाटेक धरलं, म्हणजे मजकुरात कमांड लिहून त्यातून पीडीएफ बनवायचं सॉफ्टवेअर. आता थिसिस सबमिट झालाय, तर जे खरंच कामाचं निघालं ते सांगतो.

लाटेकमध्ये लिहिणं अवघड नाही. वेळ खातो तो विद्यापीठाचा फॉरमॅट, कारण ते नियम लिहिणाऱ्याच्या डोळ्यासमोर वर्डच असतं. डावीकडे दीड इंच, बाकी तिन्हीकडे एक इंच, हे जॉमेट्री पॅकेजने (पॅकेज म्हणजे लाटेकला जोडायची जादा सोय) एका ओळीत होतं. खरी गंमत लाइन स्पेसिंगची. सेटस्पेस पॅकेजचं वनहाफस्पेसिंग लावलं तरी प्रिंट बघून ऑफिसमधून "हे दीड स्पेसिंग नाहीये" असं ऐकायला मिळतं, आणि त्यांचंही चूक नाही हो, 12 पॉइंटला ते दोन ओळींत साधारण 18 पॉइंट अंतर ठेवतं आणि वर्ड टाइम्स न्यू रोमनला ठेवतं जवळपास 20.7. त्याच पॅकेजची सेटस्ट्रेच कमांड 1.43 केली की दोन्ही जुळतात. मग पट्टी लावून बघू देत खुशाल.

क्लास, म्हणजे फाईलचा मूळ साचा, रिपोर्टच घ्या, पर्याय भरपूर आहेत पण मदत शोधायला हाच सोपा. एक आहे, फ्रंटमॅटर-मेनमॅटर या कमांड बुक क्लासमध्ये असतात, रिपोर्टमध्ये नाहीत, त्यामुळे सर्टिफिकेट-ऋणनिर्देशाला रोमन आकडे आणि पहिल्या चॅप्टरपासून 1, 2, 3 हे पेजनंबरिंग कमांडने स्वतः करायचं. प्रत्येक चॅप्टरची फाईल वेगळी आणि मेन फाईलमध्ये इन्क्लूड. इन्क्लूडओन्ली वापरलं की फक्त चालू चॅप्टर कंपाईल होतो (म्हणजे त्याचीच पीडीएफ बनते) आणि बाकीच्यांचे पान नंबर, क्रॉस रेफरन्स ("अमुक आकृती बघा" असले उल्लेख) जागेवर राहतात. नकाशे जड असतील तर हे पाहिजेच, नाहीतर ऑनलाइन एडिटरच्या फुकट प्लॅनवर कंपाईल मध्येच तुटतं. मी शेवटी टेक लाइव्ह, म्हणजे लाटेकचा अख्खा संच, लॅपटॉपवरच टाकलं, पूर्ण इन्स्टॉल काही जीबी खातं पण कटकट मिटली.

संदर्भांच्या यादीसाठी बिबलाटेक पॅकेज आणि त्याच्या जोडीचा बिबर प्रोग्राम. गूगल स्कॉलरवरून उचललेल्या नोंदी तशाच ठेवू नका. बऱ्याच स्टाईल शीर्षकातली कॅपिटल अक्षरं लहान करतात, म्हणजे डेक्कनचा डी पण लहान होतो, आणि परीक्षकाची नजर नेमकी तिथेच जाते. असे शब्द महिरपी कंसात टाकायचे. पीडीएफमध्ये लिंक देणारं हायपररेफ पॅकेज शेवटी लोड करायचं, त्याच्या नंतर क्लेव्हररेफसारखी (हे क्रॉस रेफरन्ससाठी) मोजकीच. आणि आकृतीचं लेबल (क्रॉस रेफरन्ससाठी दिलेलं नाव) फाईलमध्ये कॅप्शनच्या खाली, वर टाकलं तर आकृतीऐवजी सेक्शनचा नंबर येतो आणि एरर तर काही दिसत नाही!

मराठी सारांश हवा असेल तर पीडीएफ बनवायला नेहमीचं पीडीएफलाटेक इंजिन सोडून झीलाटेकवर या, त्यातल्या पॉलिग्लॉसिया या भाषांच्या पॅकेजला मराठी येतं. फॉन्ट देताना स्क्रिप्ट देवनागरी हा ऑप्शन विसरलात तर पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते आणि जोडाक्षरं फुटतात. नोटो सेरिफ देवनागरी छान दिसतो.

आता न आवडलेलं. मोठी टेबलं म्हणजे डोक्याला ताप, अनेक पानांवर जाणाऱ्या टेबलांचं लाँगटेबल पॅकेज वापरूनही. आणि गाईड. आमच्या मॅडमना वर्डमधले ट्रॅक चेंजेस हवे असायचे, पॅनडॉक या फाईल बदलणाऱ्या प्रोग्रामने वर्ड फाईल काढून दिली तर समीकरणं ठीक आली पण क्रॉस रेफरन्सची वाट लागली. मग लाटेकडिफ या टूलने जुना-नवा फरक रंगवलेली पीडीएफ द्यायला लागलो, ती मात्र त्यांना पसंत पडली, "हे आधी का नाही दिलंस रे" म्हणाल्या.

समीकरणं नसतील, संदर्भ थोडे असतील आणि गाईड वर्डवालेच असतील, तर उगाच या भानगडीत पडू नका. बाकीच्यांनी बिनधास्त घ्या, फक्त सेटअप लिखाणाआधी उरका आणि प्रिअँबलला (फाईलच्या सुरुवातीच्या सेटिंगच्या भागाला) नंतर हात लावू नका. शोधगंगेवर (भारतातल्या पीएचडी थिसिसचा ऑनलाइन संग्रह) चॅप्टरनुसार वेगळ्या पीडीएफ लागतात, त्या क्यूपीडीएफ या टूलने अखंड फाईलमधूनच पान नंबर देऊन कापा, वेगवेगळ्या कंपाईल करत बसू नका.