गुठळी काढल्यानंतर रक्तातील साखर: कडक नियंत्रण की मध्यम?

मेंदूच्या मोठ्या रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी कॅथेटरने काढून टाकली आणि रक्तप्रवाह पूर्ववत झाला, तरी काही रुग्ण अपेक्षेइतके सुधारत नाहीत. वय, पक्षाघाताची तीव्रता आणि उपचारापूर्वी गेलेला वेळ यांच्या जोडीला दाखल होतानाची रक्तशर्कराही येथे महत्त्वाची ठरते. ती जास्त असलेल्या रुग्णांमध्ये मेंदूतील रक्तस्राव, तीन महिन्यांनंतरचे परावलंबित्व आणि मृत्यू यांचे प्रमाण अधिक आढळते. प्राणवायू न मिळणाऱ्या पेशींमध्ये जादा साखरेपासून लॅक्टिक आम्ल साठते, आणि प्रवाह पुन्हा सुरू झाल्यावर आधीच दुखावलेल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंतींना आणखी इजा पोहोचते. म्हणून गुठळी काढणे पुढे ढकलावे असे मात्र नाही; साखर वाढलेली आहे एवढ्यावरून हा उपचार नाकारला जात नाही, आणि ती उतरण्याची वाट पाहण्यात मेंदूच्या पेशी गमावल्या जातात.

निवड करायची असते ती त्यानंतरच्या दोन-तीन दिवसांतील नियंत्रणाची. कडक पद्धतीत शिरेतून सतत इन्सुलिन देऊन साखर जवळपास निरोगी माणसाइतकी, म्हणजे ८० ते १३० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, राखली जाते आणि त्यासाठी वारंवार तपासणी करून मात्रा बदलावी लागते. मध्यम पद्धतीत त्वचेखाली गरजेपुरते इन्सुलिन देऊन साखर १८० च्या आत ठेवली जाते. जादा साखर घातक असेल तर पहिली पद्धत सरस ठरायला हवी, हा तर्क सरळ वाटतो. अनुभवाने तो टिकला नाही.

अमेरिकेतील ‘शाइन’ या चाचणीत १,१५१ रुग्णांवर या दोन्ही पद्धती ७२ तासांपर्यंत ताडून पाहिल्या गेल्या आणि निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. ९० दिवसांनंतर समाधानकारक स्थितीत असलेल्यांचे प्रमाण कडक गटात २०.५ टक्के, तर मध्यम गटात २१.६ टक्के होते. साखर ४० च्या खाली घसरण्याचा प्रकार कडक गटात २.६ टक्के रुग्णांच्या बाबतीत घडला, मध्यम गटात एकाच्याही नाही. या चाचणीतील सर्वांची गुठळी कॅथेटरने काढलेली नव्हती, त्यामुळे निष्कर्ष जसाच्या तसा लागू करताना थोडा हात राखावा लागतो. पण कडक नियंत्रणाच्या बाजूने उभे राहावे असे त्यात काहीच नाही, हे स्पष्ट आहे.

साखर घसरण्याचा धोका अशा रुग्णात विशेष गंभीर असतो, कारण ज्याला बोलता येत नाही किंवा जो पुरता शुद्धीवर नाही तो घाम, धडधड, भूक यांविषयी सांगू शकत नाही. शिवाय साखर फार कमी झाल्यास अंगाची एक बाजू लुळी पडल्यासारखी दिसू शकते, आणि ते गुठळी पुन्हा अडकल्याचे किंवा रक्तस्रावाचे लक्षण समजले जाण्याची शक्यता असते.

एकच आकडा दोन रुग्णांत वेगळा अर्थ सांगतो, हेही निर्णय घेताना ध्यानात ठेवावे. एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी रक्तचाचणी) ९ टक्के असलेल्या मधुमेहीची सरासरी साखर सुमारे २१२ असते, म्हणून दाखल होतानाची २०० ही पातळी त्याच्या नेहमीच्याच कक्षेत येते. एचबीए१सी ५.५ असलेल्याची सरासरी सुमारे १११ असते. त्याच्यात तीच २०० ही आजाराच्या ताणाने झालेली मोठी उसळी ठरते, आणि अशी उसळी असलेल्यांची सुधारणा सहसा कमी होते. म्हणून दाखल होताच एचबीए१सी तपासून घेण्याचा आग्रह मला रास्त वाटतो.

माझ्या मते बहुतेक रुग्णांसाठी १४० ते १८० ही मर्यादा योग्य आहे, आणि अमेरिकन हार्ट असोसिएशनची २०१९ ची मार्गदर्शक तत्त्वेही पहिल्या २४ तासांसाठी हीच सुचवतात. त्यामागे ढिलाई मात्र नसावी: ऑस्ट्रेलियात २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत परिचारिकांनी ताप, साखर आणि गिळण्याची क्षमता यांवर ठरलेल्या पद्धतीने लक्ष ठेवले, तेव्हा मृत्यू किंवा परावलंबित्व ५८ ऐवजी ४२ टक्क्यांवर आले. त्यात साखरेचा वाटा किती, हे वेगळे काढता येत नाही. नातेवाइकांनी डॉक्टरांना विचारावे ते हे, की रात्री साखर किती वेळाने तपासली जाईल, आणि नळीवाटे दिला जाणारा आहार एखाद्या तपासणीसाठी थांबवला, तर इन्सुलिनची मात्रा त्याच वेळी कोण कमी करील.