आर्ग्युमेंट पेपर शिकवणारा ऑनलाइन कोर्स: शेऱ्यांसाठी घ्या, व्हिडिओंसाठी नको

आर्ग्युमेंट पेपर, म्हणजे एक दावा मांडून तो पटवून देणारा निबंध, शिकवणारा आठ आठवड्यांचा हा कोर्स मी मागच्या सेमिस्टरला केला. कारण एवढंच की माझा प्रत्येक पेपर परत यायचा तेव्हा वर एकच शेरा असायचा, "माहिती चांगली, पण मुद्दा कुठाय?" आणि मला कळायचंच नाही, अहो पाच पानं मुद्देच तर लिहिलेत! कोर्सचं नाव सांगत नाहीये कारण पुढे बऱ्याच तक्रारी करणारे.

पहिले दोन आठवडे म्हणजे निव्वळ स्लाइड वाचन. अ‍ॅरिस्टॉटलचे लोगोस, पेथोस, इथोस, म्हणजे तर्क, भावना आणि बोलणाऱ्याची विश्वासार्हता, हे सांगायला एवढे व्हिडिओ लागतात का? मी दीडपट स्पीडने पळवले आणि काही म्हणजे काही बुडलं नाही. सोर्स कसे लिहायचे तो भागही तसाच, एपीए नावाच्या पद्धतीत लेखकासोबत साल द्यायचं आणि एमएलए नावाच्या पद्धतीत पान नंबर, हे कुठेही मिळतं.

खरा माल तिसऱ्या आठवड्यापासून. स्टीफन टूलमिन नावाच्या ब्रिटिश तत्त्वज्ञाने 1958 मध्ये युक्तिवादाचे सहा भाग मांडले, ते इथे शिकवतात: दावा, पुरावा, त्या दोघांना जोडणारं वॉरंट, वॉरंटला आधार, 'बहुतेक', 'सहसा' असे मर्यादा घालणारे शब्द आणि शेवटी दावा कुठे लागू पडत नाही ते. यादी म्हणून रटाळ वाटते, मलाही वाटली, पण मग कोर्समध्ये पेपरवर शेरे देणाऱ्या मॅडमनी माझ्याच पेपरवर ती लावून दाखवली आणि माझी बोलतीच बंद.

विषय होता, कॉलेजात हजेरीला मार्क असावेत का. माझं पहिलं वाक्य होतं, "हजेरी हा महत्त्वाचा विषय असून त्याला अनेक बाजू आहेत." शेजारी शेरा, "याच्याशी भांडणारा एक माणूस दाखव." नाहीच ना दाखवता येत! ज्याच्याशी कुणी भांडूच शकत नाही तो दावा कसला, हे मला तिथे कळलं. दुसऱ्यांदा लिहिलं की हजेरीचे मार्क बंद करावेत, कारण मार्कांसाठी मुलं नुसती येऊन बसतात, शिकत नाहीत. मी खुश. तर त्यावर शेरा, "नुसता बसलेला मुलगा काहीच शिकत नाही, हे तू धरून चाललीस. कशावरून?"

हेच ते वॉरंट. मी पुरावा दिला होता वर्गात फोन बघत बसणाऱ्यांचा आणि दावा केला होता शिकण्याबद्दल, मधला पूल बांधलाच नव्हता. माझी फिलॉसॉफीवाली मैत्रीण म्हणाली, अगं आपल्या न्यायशास्त्रात, म्हणजे जुन्या भारतीय तर्कशास्त्रात, हेच आहे की, डोंगरावर धूर दिसतो म्हणून तिथे आग आहे असं म्हणायचं तर 'जिथे धूर तिथे आग' ही व्याप्ती, म्हणजे दोघांची कायमची जोड, आधी पक्की लागते. आणि मी तर बहुतेक धुक्यालाच धूर म्हणत होते.

पाचव्या आठवड्यातली असाइनमेंट सगळ्यात भारी. विरुद्ध बाजू अशी लिहायची की त्या बाजूच्या माणसाने वाचून म्हणावं, हो, मला हेच म्हणायचंय. पूर्वपक्षच हा, म्हणजे वादात आधी समोरच्याचं म्हणणं मांडणं, फक्त प्रामाणिकपणे. मी आधी लिहिलं होतं, "जुन्या विचारांच्या लोकांना सक्ती आवडते." मॅडमनी त्याला बुजगावणं म्हटलं, म्हणजे आपणच गवताचा माणूस उभा करायचा आणि आपणच तो पाडायचा. मग नीट बसून लिहिलं की ज्याला घरी अभ्यासाचं वातावरण नाही त्याच्यासाठी सक्ती हीच वर्गात टिकून राहायची सबब असते, आणि लिहिता लिहिता मलाच ते पटायला लागलं! शेवटी दावा आवळावा लागला: पहिलं वर्ष सोडून, आणि प्रॅक्टिकलचे विषय सोडून. छोटा झाला, पण आता हलत नाही.

आता तक्रारी. पाच परिच्छेदांचा साचा सक्तीचा आहे, प्रस्तावना, तीन मुद्दे, समारोप. माझ्याकडे मुद्दे होते दोनच, मग तिसरा ओढूनताणून आणला आणि वाचणाऱ्याने नेमका तोच पकडला. दुसरं म्हणजे ड्राफ्ट टाकला की लगेच स्कोअर देणारं ते टूल. गंमत म्हणून मी त्याच ड्राफ्टमध्ये 'तथापि', 'परिणामी', 'याउलट' असे शब्द पेरले, तर्क तोच, पूल तसाच मोडका, आणि स्कोअर चक्क वाढला. म्हणजे एकीकडे मॅडम विचारतायत कशावरून, आणि दुसरीकडे मशीन म्हणतंय व्वा छान. ग्रुपमधली निम्मी मुलं त्या स्कोअरच्याच मागे होती, त्यांना दोष तरी काय द्यायचा, स्क्रीनवर मोठ्या हिरव्या अक्षरात तोच दिसतो आणि शेरे उघडायला तीन क्लिक लागतात.

घेणार असाल तर शेरे देणारं माणूस असलेलाच प्लॅन घ्या, नुसता व्हिडिओंचा अजिबात नको. आणि पहिला ड्राफ्ट लवकर टाका, कारण एका पेपरवर दोनदाच शेरे मिळतात. माझे दोन्ही संपले म्हणून शेवटचा ड्राफ्ट दादाला दिला, तो कट्टर हजेरीवाला. वाचून म्हणाला, "विरुद्ध बाजू एक नंबर लिहिलीयस, तिथेच थांबायचं होतंस."