केगावचं डाळिंब संशोधन केंद्र: ज्यांना काही विकायचं नाही त्यांचा सल्ला

सांगोला तालुक्यात आमची भगवा जातीच्या डाळिंबाची बाग आहे. यंदा नवी पालवी पिवळी पडायला लागली, शिरा तेवढ्या हिरव्या. आमच्याकडची रीत अशी, की असलं पान खिशात घालायचं आणि औषधाच्या दुकानात जायचं. दुकानदार पान बघतो न बघतो तोच बाटली काउंटरवर येते. आम्हाला दिलेल्या एका बाटलीवर आत काय आहे, किती टक्के आहे, हे धड छापलेलंही नव्हतं. ती तशीच परत ठेवली आणि माती, पाणी, फांदी घेऊन सोलापूर गाठलं. पुणे रस्त्याला केगावात राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, 2005 पासूनचं.

तिथं औषधाचं नाव कुणी काढलंच नाही. आधी मातीची चौकशी. किती खोलवरची, ठिबकच्या खालची की दोन झाडांमधली, शेणखताच्या ढिगाजवळची तर नाही ना. तपासणीत निघालं ते असं: जमिनीत चुनखडी भरपूर, सामू (pH) 8 च्या वर. लोह मातीत आहे, पण चुनखडीमुळे मुळांना उचलता येत नाही. मग सांगितलं, हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, शेणखतात मुरवून आळ्यात द्या आणि ठिबक इतका वेळ चालवू नका, मुळाशी कायम ओल राहिली की हा पिवळेपणा वाढतो. म्हणजे निम्मा उपाय फुकटचा, मोटार लवकर बंद करण्याचा. हे दुकानात कोण सांगणार?

डाळिंबावरच्या तेल्या रोगाचं विचारलं तेव्हा बोर्डोवर, म्हणजे मोरचूद-चुन्याच्या मिश्रणावर, बराच वेळ दिला. छाटणीनंतर 1 टक्क्याचं, म्हणजे 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 100 लिटर पाणी. प्लास्टिकच्या भांड्यांत दोन्ही वेगवेगळं विरघळवायचं, मग एकाच वेळी तिसऱ्या टाकीत ओतायचं. द्रावण आकाशी निळं दिसलं पाहिजे. त्यात घासलेला लोखंडी विळा मिनिटभर बुडवायचा. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, आणखी चुन्याची निवळी घाला, नाहीतर पानं करपतील. विळा होता तसा निघाला तर फवारा, आणि त्याच दिवशी संपवा. तेल्या जिवाणूचा रोग आहे, पावसाच्या शिंतोड्यांनी आणि आपल्याच कात्रीनं झाडाझाडांत फिरतो. त्यामुळे दर झाडाला कात्री निर्जंतुक करून घ्यायलाही बजावलं.

सल्ला त्या त्या मातीचाच लागतो, हे मला नणंदेमुळे जास्त पटतं. ती दापोलीकडे दिलेली. तिथली जांभ्याची जमीन आम्लधर्मी, कृषी विद्यापीठाची माणसं तिला चुना टाकायला सांगतात. आम्ही इथं चुनखडीनं बेजार! खाडीकाठच्या खारपटातल्या, म्हणजे खाऱ्या जमिनीतल्या, शेतकऱ्यांसाठी पनवेलच्या संशोधन केंद्रानं भाताच्या वेगळ्या जाती काढल्या, पनवेल 1, 2, 3. मोबाइलवर फिरणारा एकच व्हिडिओ बघून दापोलीत आणि सांगोल्यात सारखीच फवारणी करणाऱ्यांनी याचा विचार करावा.

माझी तक्रार केंद्राबद्दल नाही, गावाबद्दल आहे. अहवाल हातात आला तरी तो बांधावर येऊन समजावणारं माणूस लागतं. एकाच कृषी सहाय्यकाकडे अनेक गावं, त्यात पंचनामे, अनुदानाचे अर्ज. त्याला बागेत यायला सवड कुठली? आणि शेतीशाळा भरते तेव्हा खुर्च्यांवर पुरुषच. छाटणीची कात्री, फळाला पिशव्या घालणं, तोडणी, हे सगळं बायकांच्या हातचं, तर निमंत्रणही त्यांच्या नावानं यावं. केगावात माझे प्रश्न मलाच विचारू दिले, उत्तरंही माझ्याकडे बघून दिली, याचं मला फार समाधान आहे.

कुणी जाणार असाल तर एका दिवसाचं काम मोडेल असं धरूनच निघा, शनिवार-रविवार सोडून. माती बागेत चार-सहा ठिकाणची घ्या, पसरून चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाकून द्या, असं करत अर्धा किलोवर आणा आणि सावलीत वाळवा. खताच्या पोत्यात भरू नका. बोअरचं पाणी मोटार थोडा वेळ चालू ठेवून मगच बाटलीत धरा. रोगट फांदी कागदात गुंडाळा, प्लास्टिकमध्ये ती घामेजून सडते. मागच्या फवारण्यांची वहीही बरोबर घ्या, कारण ती मागतात.