फळमाशी की झेब्राफिश?

पीएचडीत सजीवांवरचा उष्णतेचा ताण अभ्यासायचा असेल, तर प्रयोगाचा प्राणी म्हणून मी आधी फळमाशीच सुचवेन. मक्याचं पीठ, साखर, यीस्ट आणि अगार एवढ्यावर ती बाटलीत वाढते. २५ अंश सेल्सिअसला अंड्यापासून माशी व्हायला साधारण १० दिवस लागतात, त्यामुळे फसलेला प्रयोग लगेच पुन्हा मांडता येतो. तापमान वाढल्यावर गुणसूत्रांवर नवे फुगवटे, म्हणजे तिथली जनुकं कामाला लागल्याची खूण, दिसतात हे इटालियन जनुकशास्त्रज्ञ फेरुचिओ रितोसा यांनी १९६२ मध्ये प्रसिद्ध केलं, तेही हिच्याच कुळातल्या माशीच्या लाळग्रंथींत पाहून.

प्रश्न पाण्यातल्या कीटकनाशकांचा किंवा हृदयरोगाचा असेल, तर मात्र झेब्राफिशला तोड नाही. भ्रूण आईच्या शरीराबाहेर वाढतो, काचेसारखा पारदर्शक असतो. दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली धडधडणारं हृदय आणि धावत्या रक्तपेशी दिसतात, तेही जीव न घेता! माणसाच्या सुमारे ७० टक्के जनुकांना या माशात जोड सापडते.

पण पिढी वाढायला तीनेक महिने जातात. टाक्या, पाण्याची रोजची तपासणी हा खर्चही आहेच. शिवाय मासा पृष्ठवंशीय, म्हणून भारतात प्राणी नीतिसमितीची परवानगी लागते. तो अर्ज पहिल्या सत्रातच करावा.