उंदीर पळवायचं यंत्र, पिंजरा आणि पाव इंची जाळी: एका पावसाळ्यापासून दुसऱ्या पावसाळ्यापर्यंतचा अनुभव

गेल्या जुलैत आमचं वॉशिंग मशिन बंद पडलं. ड्रम फिरेना, पॅनेलवर एरर कोड. वॉरंटी शिल्लक होती, म्हणून निर्धास्तपणे कंपनीला फोन लावला. त्यांचा माणूस आला, मशिन भिंतीपासून ओढून आडवं केलं आणि खालून बॅटरी मारली. वायरींचा जुडगा पार कुरतडलेला. लाल-पिवळ्या प्लॅस्टिकचा चुरा, मधेमधे चमकणारं उघडं तांबं, आणि मोटरच्या शेजारी पायपुसण्याच्या चिंध्या नि साबणाच्या पुड्याचे तुकडे जमवून केलेलं घरटं. लेंड्या तांदळाच्या दाण्यापेक्षा बऱ्याच मोठ्या होत्या, म्हणजे हे काम चिमुकल्या घरउंदराचं नव्हतं.

"मॅडम, उंदराने कुरतडलंय, हे वॉरंटीत बसत नाही," एवढं बोलून त्याने व्हिजिट चार्जची पावती फाडली. पूर्ण वायरिंग बदलायचे तीन हजारांच्या वर सांगितले. पुस्तिका काढून पाहिली तर बारीक अक्षरात ते कलम खरंच होतं. माझा राग कलमावर नाही. राग याचा आहे की ज्या देशात घरोघरी उंदीर आहेत, तिथे विकायच्या मशिनचा तळ उघडा ठेवतात आणि तो झाकायची प्लेट वेगळे पैसे घेऊन विकतात. दुकानात मशिन दाखवताना स्पिन स्पीड सांगतात, वॉश प्रोग्रॅम सांगतात, तळ उघडा आहे हे कोणी सांगत नाही. कॉल सेंटरला फोन करकरून दमले, तेव्हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या नंबरवर तक्रार नोंदवली. वायरिंगचे पैसे काही मिळाले नाहीत, पण व्हिजिट चार्ज परत आला. दुरुस्ती शेवटी नाक्यावरच्या मेकॅनिकने केली. तुटलेल्या वायरी नीट डाग देऊन जोडल्या, प्रत्येकीवर स्लीव्ह चढवली आणि कंपनीने सांगितलेल्या रकमेच्या पाव हिश्शात मशिन चालू करून दिलं.

आता मूळ प्रश्न उंदरांचा. आम्ही डोंबिवलीत पहिल्या मजल्यावर राहतो. बिल्डिंग जुनी, खाली किराणा दुकान, मागे सगळ्या घरांचे पाइप उतरणारा डक्ट. पाऊस लागला की गटारं भरतात आणि उंदीर वर सरकतात. तेव्हापासून एकामागून एक जे काही वापरलं, त्याचा हा हिशेब.

पहिलं आलं ते सॉकेटमध्ये लावायचं अल्ट्रासॉनिक यंत्र. सोसायटीच्या ग्रुपवर त्याचं फार कौतुक चाललं होतं. दोन नगांचा सेट साधारण हजार रुपये. एक स्वयंपाकघरात, एक ड्राय बाल्कनीत. पहिल्या आठवड्यात रात्रीची खुडबुड खरंच थांबली. त्याच वेळी हे लिहायला बसले असते तर चार स्टार दिले असते. पण महिना उलटायच्या आत ओट्याखाली परत लेंड्या दिसल्या, आणि त्याही यंत्र लावलेल्या सॉकेटच्या सरळ रेषेत.

मग त्यामागचं शास्त्र वाचून काढलं. माणसाला साधारण 20 किलोहर्ट्झच्या वरचा आवाज ऐकू येत नाही, उंदराला येतो. उंदीर आपसातही तसल्याच आवाजात बोलतात, धोक्याची हाक साधारण 22 किलोहर्ट्झच्या आसपास असते. म्हणजे यंत्रामागची कल्पना अगदीच हवेतली नाही. अडचण अशी की हा आवाज भिंतीतून, कपाटातून, ट्रॉलीच्या शटरमधून पलीकडे जात नाही आणि थोड्या अंतरावर क्षीण होतो. उंदीर राहतो नेमका शटरच्या आत, ओट्याच्या मागे. शिवाय रोज तोच आवाज कानावर पडला की त्याला त्याची सवय होते. सुरुवातीची शांतता ही बहुधा घरात काहीतरी नवीन आलंय म्हणून बिचकलेल्या उंदरांची होती. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 2001 मध्येच असल्या यंत्रांचे 60हून जास्त उत्पादक आणि विक्रेते यांना इशाऱ्याची पत्रं पाठवली होती, की दाव्यांना शास्त्रीय पुरावा हवा. तरीही आपल्याकडे खोक्यावर बिनदिक्कत अमुक इतके चौरस फूट छापलेलं असतं. ते चौरस फूट मोकळ्या हॉलचे असतील, भरल्या घराचे नव्हेत. पाच वॅटचं एक यंत्र चोवीस तास चालू ठेवलं तर महिन्याला 3.6 युनिट जळतात, दोन यंत्रांचे सात युनिट. काहीही न करणाऱ्या वस्तूसाठी दर महिन्याला वीजबिल भरायचं मला पटत नाही. दोन्ही काढून ठेवली आहेत.

चिकट पॅडबद्दल फार लिहीत नाही. एकदा घरात आणला, त्यावर उंदराच्या आधी पाल अडकली आणि नंतर एक पिल्लू रात्रभर ओरडत राहिलं. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने या पॅडविरुद्ध 2011 मध्येच सूचना काढलेली आहे. आमच्या घरात ते पुन्हा येणार नाही.

विषाला मी आधीपासूनच नाही म्हटलं. काळी पावडर म्हणजे झिंक फॉस्फाइड, पोटातल्या आम्लाशी संयोग झाला की फॉस्फिन वायू सुटतो आणि त्यावर उतारा नाही. घरात रांगतं मूल किंवा मांजर असेल तर ती पुडी घरात आणूच नका. वडीच्या रूपात मिळणारं ब्रोमॅडिओलोन रक्त गोठू देत नाही. उंदीर ते खाऊन काही दिवसांनी मरतो, आणि कुठे मरेल ते आपल्या हातात नसतं. शेजारच्या काकूंकडे तो माळ्याच्या फळीमागे मेला, घरात उभं राहवेना, शेवटी फळी फोडावी लागली.

पिंजऱ्याबद्दल माझं मत या वर्षात बदललं. सुरुवातीला तो रोज रिकामाच असायचा. सासूबाई म्हणाल्या, "अगं, पिंजऱ्याचं मोठ्याने बोलू नकोस, त्याला ऐकू जातं. आणि आज लावला नि आजच सापडला असं होत नाही, आधी त्याला खाऊ दे." त्यांनी पिंजऱ्याचं दार सुतळीने बांधून उघडं ठेवायला लावलं, आत रोज खरपूस भाकरीचा तूप लावलेला तुकडा. मोठा उंदीर नव्या वस्तूला काही दिवस तोंड लावत नाही, हे शास्त्रही सांगतं. त्याची भीड चेपली की सुतळी सोडायची. पिंजरा खोलीच्या मध्ये नव्हे, भिंतीला चिकटून ठेवायचा, कारण उंदीर मिशा भिंतीला घासत कडेकडेने पळतो. तसं केल्यावर उंदीर सापडायला लागले. सुकट लावली त्या रात्री चिचुंद्रीही सापडली. ती उंदीर नव्हे, झुरळं-किडे खाणारा वेगळाच प्राणी, तिला खाली सोडून दिलं.

पिंजऱ्याचा दोष मात्र सांगायलाच हवा. बाजारातल्या बहुतेक पिंजऱ्यांच्या तारांमध्ये अर्धा इंच अंतर असतं. घरउंदराचं पिल्लू आत येऊन भाकरी खाऊन तारांमधूनच निघून जातं. घेताना तारांमधून आपलं करंगळीचं टोक आरपार जातं का ते पाहा. जात असेल तर तो फक्त मोठ्या उंदरांसाठी आहे.

आणि पिंजरा कितीही चांगला असला तरी तो मागून येणाऱ्याला थांबवत नाही. उंदरीण जेमतेम तीन आठवड्यांत विते. मुंबई महापालिकेचे मूषक संहारक रात्री काठी आणि बॅटरी घेऊन निघतात, एका पाळीत 30 उंदरांचं लक्ष्य असतं, वर्षानुवर्षं हे काम चाललंय. त्यांच्या मेहनतीला मी हात जोडते. पण वाट आणि खाणं शिल्लक राहिलं की एक गेला तरी त्याची जागा दुसरा घेतो. आमच्या घरातही तेच होत होतं.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते. कृपया उठून तुमच्या ड्राय बाल्कनीतली नहाणी पाहा. वॉशिंग मशिनचा पाण्याचा पाइप आत सोडता यावा म्हणून नहाणी ट्रॅपची, म्हणजे जमिनीतल्या पाणी जायच्या भोकावरची, जाळी काढून बाजूला ठेवलेली असते. मी ओळखीच्यांच्या घरी जाईन तिथे वाकून बघते, आणि बहुतेक ठिकाणी हीच अवस्था. ट्रॅपमध्ये पाणी असतं म्हणून वास येत नाही, पण उंदीर उत्तम पोहतो, तेवढ्या पाण्याने तो अडत नाही. खालच्या चेंबरमधून उभ्या पाइपने वर, ट्रॅपच्या पाण्यातून बाहेर, आणि समोर उघड्या तळाचं उबदार मशिन. दुसरी वाट किचन सिंकखालची. तिथला नालीदार वेस्ट पाइप जमिनीतल्या भोकात नुसता खुपसलेला असतो आणि चारी बाजूंनी फट. घरउंदराला साधारण 6 मिलिमीटर फट पुरते, म्हणजे पेन्सिल गेली की तो गेला. मोठ्या उंदराच्या पिल्लाला 12 मिलिमीटर. आमच्या सिंकखालच्या फटीत माझी दोन बोटं जात होती.

प्लंबरने तिथे आधी फोम मारला. चार दिवसांत त्याचा भुगा. उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढतात, त्याला कुरतडावंच लागतं, फोम आणि रबर त्याला काहीच नाही. मग हार्डवेअरवाल्या काकांनी अर्धा इंची जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाची, जाळी दिली. मोठे उंदीर थांबले, पिल्लं येत राहिली, आणि सततच्या ओलीने दिवाळीपर्यंत जाळीला गंज चढला.

शेवटी जी गोष्ट कामाला आली ती स्टेनलेस स्टीलची पाव इंची जाळी, 304 ग्रेडची. आम्हाला लागला त्या तुकड्याचे तीनशे रुपयेही झाले नाहीत. पाइपच्या मापाचं भोक मध्ये कापायचं, पण गोल नाही. चांदणीसारखे छेद द्यायचे, म्हणजे पाइप आत घातल्यावर जाळीची टोकं पाइपला चिकटून वर उभी राहतात. त्यांच्याभोवती स्टीलचा क्लॅम्प आवळायचा आणि जाळीच्या कडा वाळू-सिमेंटमध्ये दाबून टाकायच्या. उद्या पाइप बदलायचा झाला तर क्लॅम्प सोडला की झालं. कापताना हातमोजे घाला, त्या तारा ब्लेडसारख्या लागतात. नहाणीसाठी तर पाइपपुरतं भोक असलेली, फिरवून लॉक होणारी स्टीलची जाळी तयार मिळते, शे-दीडशे रुपयांत. मशिन बसवायला येणारा माणूस ती सोबत का आणत नाही, हे मला आजही कळलेलं नाही. एकच काम मागे लागतं. मशिनच्या पाण्यातल्या धाग्यांनी जाळी तुंबते, म्हणून दर आठवड्याला उघडून साफ करावी लागते. ते काम मी आनंदाने करते.

जाळ्या बसल्यावर आत राहिलेले एक-दोन उंदीर पिंजऱ्यात सापडले आणि त्यानंतर नवीन लेंडी दिसलेली नाही. या जून-जुलैचा मोठा पाऊसही त्यात आला. खालच्या दुकानात उंदीर आहेतच, डक्टमध्येही रात्री दिसतात, पण घरात नाहीत. मला सगळ्यात मोठा दिलासा पैशांचा नाही. 26 जुलै 2005 च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाची, साथ आली होती, ती उंदरांच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून पसरते. आमची मुलगी ड्राय बाल्कनीत अनवाणी खेळते. आधी रोज सकाळी ती जागा ब्लीचच्या पाण्याने पुसल्याशिवाय मी तिला सोडत नसे. लेंड्या दिसल्या तर कोरड्या झाडूने कधीच झाडू नका, आधी ब्लीचच्या पाण्याने भिजवा आणि मग पुसून घ्या.

स्टार द्यायचे तर यंत्राला एक. पिंजऱ्याला तीन, तारा जवळजवळ असतील तर चार. पाव इंची स्टीलच्या जाळीला पाच. भाड्याच्या घरात सिमेंटकाम करता येत नसेल तर लॉकची जाळी तरी आजच आणा, घर सोडताना काढून नेता येते. मशिनची तळाची प्लेट मी अजून घेतलेली नाही आणि ज्यांनी ती मशिनसोबत द्यायला हवी होती त्यांच्याकडून विकत घेणारही नाही. उरलेल्या जाळीचा तुकडा मेकॅनिककडून तळाला स्क्रूने बसवून घेतलाय. हवा खेळती राहते आणि मोटर झाकली जात नाही. बेडरूमच्या एसीचा पाइप जातो त्या भोकात अजून फोमच आहे. तिथेही दिवाळीआधी जाळी आणि सिमेंट करून घेणार आहे.